घराला बोल नाही

चूक कोणाची म्हणून विचाराल, तर शेटचा वकील सांगेल रूपीची आणि प्रगती वकीलबाई सांगेल शेटची. झरी गावच्या लहान्याला मात्र विचारू नका. तो कोणाकडे बोट दाखवणार नाही. स्वतःच्या तोंडावर हात ठेवील नि खाली बघत बसेल. कारण ते वाक्य बायकोच्या तोंडून त्यानंच वदवून घेतलं होतं. ती बिचारी लादीवर पडून तळमळतेय, आणि हा शहाणा तिला रीत शिकवतोय!

तर झालं असं. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. घरातलं नागलीचं बी कणगीत ठेवलेलं, त्यावर उंदरांनी दिवाळी साजरी केली. रूपी भडकली. "औंदा झाकणाचा डबा आण, स्टीलचा. नायतर पेरशील काय, उंदराच्या लेंड्या?" अशी तिची जीभ. चाळीस वर्षं संसार झाला, पण त्या जिभेपुढे लहान्या एकदाही जिंकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला जिंकायचंही नव्हतं. डबे काय, तलासरीच्या बाजारातही मिळतात. पण त्यांची लेक नवशी उंबरगावला दिलेली, तिनं फोनवर सांगितलं की डहाणू रोडला स्टेशनजवळ तीन मजल्यांचं नवं दुकान झालंय, तिथं योजना चालू आहे. योजना म्हटली की माणूस दोन गाड्या बदलून जातो. गेली दोघं.

दुकानाला काचेचं दार. आत पांढरी लादी, तोंड बघून भांग पाडावा इतकी चकचकीत. रूपीनं दारातच चपला काढल्या. तिचं बघून लहान्यानंही काढल्या. कोणी काढा म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्याच्या एवढ्या लखलखीत घरात चपला घालून शिरायचं तरी कसं? वॉचमन तोंडावर हात धरून हसला. हसू दे मेल्याला.

आत एक पस्तिशीचा माणूस हातात यादी घेऊन फिरत होता. त्यानं दोघांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्याच बोलीत विचारलं, "कुठलं गाव, मामा?"

"झरी. तू रे कोणाचा?"

"पलीकडच्या पाड्याचा. बुधीबाईचा मिथुन."

लहान्याचा जीव भांड्यात पडला. एवढ्या मोठ्या दुकानात आपलं माणूस आहे म्हणजे कोणी फसवणार नाही, असं त्याला वाटलं. बुधीबाई म्हणजे ओळखीची बाई, तिच्या लग्नात हे दोघं नाचले होते.

जिन्याजवळ खायच्या तेलाच्या पिशव्यांचा ढीग लावला होता, एकावर एक फुकट. खालची एक पिशवी दबून फुटली होती आणि तेल हळूहळू लादीवर पसरत होतं. आता मला सांगा, तेल सांडलं तर काय करतात? फडकं घेतात नि पुसतात. तीन वर्षांच्या पोराला कळतं ते. पण दुकानात गिऱ्हाईक चिक्कार. शेट गल्ल्यावरूनच ओरडला, "मिथुन, वर पुठ्ठा टाक रे, नंतर पुसू!" लहान्यानं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, पण त्यात काय ऐकण्यासारखं आहे असं तेव्हा कोणाला वाटणार? मिथुननं पुठ्ठा टाकला. डबे जिन्याच्या पलीकडे मांडलेले. रूपीची नजर डब्यांवर आणि अनवाणी पाय पुठ्ठ्यावर. पुठ्ठा सुळकन सरकला आणि ती उजव्या कुशीवर आदळली. आवाज असा झाला की लहान्याला वाटलं, कुठली तरी फळी मोडली.

फळी नव्हती ती.

झरीकडच्या जुन्या माणसांत एक रीत आहे. दुसऱ्याच्या घरात कोणी पडलं, कोणाला लागलं, तर त्यानं उंबरा ओलांडायच्या आत म्हणायचं, 'पडलो मी, घराला बोल नाही.' आणि घरच्यानं लगेच उलट म्हणायचं, 'पडलास तू, बोल आमच्याच घराला.' मग घरच्यानं स्वतःच्या हातानं तेल-हळद लावायची, आणि माणूस पुन्हा उभा राहीपर्यंत त्याचं सगळं बघायचं. पहिलं वाक्य न बोलता उंबरा ओलांडला तर दुखणं भरून येत नाही म्हणतात. आणि दुसरं वाक्य आलंच नाही तर? तसं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे तेव्हा काय होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

रूपीला चौघांनी उचलायला घेतलं तेव्हा लहान्याला ही रीत आठवली. इतर कुठल्या दुकानात आठवली नसती. पण चपला बाहेर काढल्या होत्या, समोर बुधीबाईचा पोरगा उभा होता, म्हणजे घरच ना हे! तो रूपीच्या कानाशी वाकला.

"बोल रूपी. उंबरा यायच्या आत बोल."

"नाय बोलत मी! आई गं... जीव चाललाय माझा, मला घरी ने."

"बोल गं. आपलं माणूस आहे समोर. तो उत्तर देईल. बोल."

तोवर शेट गल्ला सोडून आला होता आणि त्यानं मोबाईल वर धरला होता. लहान्याला वाटलं, दवाखान्याला फोन लावतोय. भला माणूस! रूपीनं ओठ चावले, डोळे मिटले आणि नवऱ्याचं ऐकलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा निमूट ऐकलं.

"पडले मी. घराला बोल नाही."

मग डोळे उघडून तिनं मिथुनकडे पाहिलं. लहान्यानंही पाहिलं. मिथुनला रीत ठाऊक होती. त्याचा चेहराच सांगत होता, ओठ हललेसुद्धा. पण शेट शेजारी उभा होता. मिथुननं मान खाली घातली आणि हातातली यादी वाचू लागला.

"बोल ना रे, दादा," रूपी म्हणाली.

तो बोलला नाही. रिक्षा आली. शेटनं एक स्टीलचा डबा रिक्षात लहान्याच्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा, पैसे नकोत. टेन्शन नका घेऊ." लहान्यानं घेतला. त्याला वाटलं, शहरातलं उत्तर असंच असेल, तोंडानं नाही तर हातानं. भोळा सांब नुसता! साठीला आलेला माणूस, पण अक्कल म्हणाल तर गहाण टाकलेली.

सरकारी दवाखान्यात फोटो काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरनं नीट समजावून सांगितलं, की सांधा बदलला तर काठी धरून चालेल, नाही बदलला तर खाटेवरच राहील, आणि या वयात खाट धरलेलं माणूस फार दिवस काढत नाही. सरकारी योजनेत नंबर लावला. नंबर आज येईल, उद्या येईल. गुजरातच्या हद्दीतला खाजगी दवाखाना उद्याच करतो म्हणाला, पण त्याचा आकडा ऐकून लहान्या बाकावर खालीच बसला. घर विकलं असतं, पण ते घरकुलात मिळालेलं. ते कोण घेणार?

म्हणून तो शेटकडे गेला. भांडायला नाही, मागायलाही नाही असं तो स्वतःला बजावत होता. त्याला वाटत होतं, शेटला रीत माहीत नसेल, सांगितली की कळेल. त्यानं चपला पुन्हा दारात काढल्या आणि गल्ल्यासमोर उभं राहून सगळी रीत सांगितली. शेटनं ऐकून घेतलं आणि मोबाईल पुढे केला. त्यात रूपी होती. पडलेली, घामानं भिजलेली. म्हणत होती, पडले मी, घराला बोल नाही.

"बोलली ना तुमची बाई? स्वतःच्या तोंडानं बोलली. मग आता काय राहिलं?"

"उत्तर राहिलं," लहान्या म्हणाला.

शेट हसला. पुतळ्यापुढे डोकं आपटावं तसं झालं.

तलासरीला प्रगती नावाची वकील मुलगी होती, त्यांच्याच नात्यागोत्यातली. तिनं सगळं ऐकलं, दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि म्हणाली, "काका, अर्धी रीत तुम्ही पाळलीत आणि उरलेली अर्धी त्यांनी खाल्ली. आता ते म्हणणार, बाईनं चूक कबूल केली."

"पण ती कबुली नव्हती गं पोरी. ते तर नुसतं पहिलं वाक्य होतं."

"मला कळतंय. कागदाला कसं कळणार?"

तिनं नोटीस धाडली. उत्तर आलं, चांगलं चार पानी. जमीन कोरडी होती. बाई अनवाणी होती, हा तिचा निष्काळजीपणा. कॅमेरा त्या दिवशी बंद होता. दुकानाचा दोष नाही असं बाईनं स्वतः म्हटल्याचा व्हिडिओ आहे. आणि माणुसकी म्हणून दिलेला डबा तिच्या नवऱ्यानं स्वीकारला, म्हणजे प्रकरण मिटलं. चोर तो चोर, वर शिरजोर! प्रगतीनं जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार घातली आणि लहान्याला म्हणाली, "एकच माणूस हे सगळं फिरवू शकतो. ज्यानं पुठ्ठा टाकला तो."

लहान्या डहाणूला गेला आणि स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर मिथुनला गाठलं. मिथुन त्याला बघून उठायला लागला, तर यानं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"तू उत्तर का नाय दिलंस?"

"मामा, मी कुठं घरचा? मी नोकर. उत्तर घरच्यानं द्यायचं असतं. शेटनं."

"पुठ्ठा कोणी टाकला?"

मिथुन चहाकडे बघत राहिला. त्यावर साय धरली.

"दोन पोरं आहेत मला," तो शेवटी म्हणाला. "हे गेलं तर पुन्हा बोटीवर नायतर कंपनीत जायचं. तुम्हीच सांगा, काय करू?"

लहान्याला राग यायला हवा होता. आला नाही, हेच त्याचं दुर्दैव. त्यालाही एक लेक होती, पोट काय असतं ते त्याला ठाऊक होतं. तो एवढंच म्हणाला, "ती रोज विचारते रे, उत्तर आलं का म्हणून." आणि उठून एसटीला लागला.

खरंच विचारायची ती. पहिले दोन महिने भांडायची, शिव्या द्यायची. खाटेवरून हुकूम सोडायची, की चुलीतली लाकडं मागे ओढ, कोंबड्या मोज, अरे मेल्या भात करपला. लहान्या सगळं करायचा. भाकरी त्याला थापता येत नव्हती, भारताचा नकाशा व्हायचा, आणि रूपी हसून हसून रडायची. मग तिचं हसणं कमी झालं. पाठीला जखमा झाल्या. नवशी येऊन पंधरा-पंधरा दिवस राहून जायची, धुवायची, औषध लावायची, तिलाही तिचं घर होतं. योजनेतला नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता अंगात रक्त नाही, आधी रक्त भरा मग बघू. तारखा मात्र पडत होत्या. दवाखान्याची एक, आयोगाची एक. लहान्याच्या सदऱ्याच्या खिशात दोन्हींच्या चिठ्ठ्या एकत्र असायच्या.

एका दुपारी तो तिचे केस विंचरत होता. तिच्या डोक्याला हात लावायची सवय नव्हती त्याला, फणी अडकत होती.

"मला बोलायचं नव्हतं ते," रूपी एकाएकी म्हणाली. "तू म्हणालास म्हणून बोलले."

लहान्याचा हात थांबला. तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसतं सांगत होती, भात शिजला असं सांगावं तसं. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. त्याला तिच्या पायाशी डोकं ठेवून रडायचं होतं, पण तो फणी घेऊन तसाच बसून राहिला.

दिवाळीच्या तोंडावरची वाघबारस चार दिवसांवर आली होती. नागली कापायला झाली होती, शेजारच्यांनी कापून आणून दिली. त्या दिवशी रूपीची छाती भरली. श्वास वर वर येत होता. जीप बोलावली होती, ती यायला वेळ होता. तिनं लहान्याचा सदरा धरला.

"उत्तर आलं का रे?"

आणि लहान्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी खोटं बोलला.

"आलं गं. मिथुननं निरोप धाडला. बोल आमच्याच घराला म्हणाला."

"आणि तेल-हळद?"

"आणतो म्हणालाय. येतोच आहे."

रूपीला जरा बरं वाटलेलं दिसलं. "मग थांबते," ती म्हणाली.

दोन दिवस थांबली बिचारी. दवाखान्यातल्या खाटेवर दाराकडे तोंड करून निजायची, कोणी आत आलं की मान वर करायची. तिसऱ्या दिवशी सकाळी गेली. लहान्या तेव्हा नळावर तिची बाटली भरत होता.

दिवाळीनंतर तारीख लागली. प्रगतीनं वारस म्हणून त्याचं नाव लावलं होतं. "काका, यायलाच हवं," ती म्हणाली, म्हणून तो गेला. काखेत तो स्टीलचा डबा घेऊन गेला. त्यात कधी बी भरलंच नव्हतं. समोरच्या बाकावर शेट, त्याचा वकील आणि मिथुन. मिथुननं प्रतिज्ञापत्र दिलं होतं, जमीन कोरडी होती म्हणून. शेटच्या वकिलानं लॅपटॉप फिरवून आयोगाच्या अध्यक्षबाईंकडे केला आणि व्हिडिओ लावला.

आधी लहान्याचाच आवाज आला. बोल गं. आपलं माणूस आहे समोर. तो उत्तर देईल. बोल. आणि मग तिचा.

"पडले मी. घराला बोल नाही."

व्हिडिओ तिथंच तुटला. पुढचं 'बोल ना रे, दादा' कापलं होतं. वकील म्हणाला, "पाहा मॅडम, स्वतः पतीनं विचारलं आणि बाईंनी स्पष्ट सांगितलं." प्रगती उठली. रीत म्हणजे काय, वाक्याचा दुसरा भाग कुठं गेला, मूळ पूर्ण व्हिडिओ हजर करा, असं तडतडा बोलत होती. चांगली बोलत होती पोरगी. पण लहान्याला काहीच ऐकू येत नव्हतं. दीड महिन्यानं त्यानं रूपीचा आवाज ऐकला होता.

तो उभा राहिला. प्रगतीनं बसा बसा म्हणून खुणा केल्या.

"बाई, ते परत लावाल का?" तो अध्यक्षबाईंना म्हणाला.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशासाठी, बाबा?"

"तिचा आवाज माझ्याकडं नाय. फोटो आहे एक, रेशनच्या कामाचा. आवाज नाय." त्यानं काखेतला डबा हातात घेतला. "आणि चूक लिहायचीच असेल तर माझी लिहा. ती नाय म्हणत होती. मी बोलायला लावलं. मला वाटलं, आपलं माणूस उत्तर देईल." मग त्यानं डबा शेटच्या वकिलापुढे टेबलावर ठेवला. "हा तुमचा. मिटलं म्हणून घेतला नव्हता मी."

मिथुननं त्या दिवशीही मान वर केली नाही. बाईंनी पूर्ण व्हिडिओ हजर करायचा हुकूम दिला, पुढची तारीख दिली, आणि मग लिपिकाला सांगून व्हिडिओ परत लावला. दोनदा लावला.

त्यानंतर नवव्या दिवशी, दुपारची वेळ. लहान्या घरात एकटाच बसला होता. रूपीची खाट अजून तिथंच होती, नवशीनं उचलायला सांगूनही त्यानं उचलली नव्हती. दारात कोणीतरी चपला काढल्या. मिथुन होता. त्याच्या हातात वाटी, वाटीत तेल नि हळद.

तो खाली बसला नाही. उभ्यानंच, शाळेतलं पोर धडा म्हणतं तसं म्हणाला, "पडली ती. बोल आमच्याच घराला." मग एकदम तोंड वाकडं झालं त्याचं. "पुठ्ठा मी टाकला, मामा. तारखेला तसं सांगतो. शेटला सांगून आलोय. काढलं त्यानं मला. आईनं मला घरात घेतलं नाय, म्हणाली आधी झरीला जाऊन ये."

ज्या शब्दांची वाट बघून रूपीचे डोळे दाराला लागले, ते शब्द एवढेसे होते. म्हणायला श्वासभर वेळ लागला नाही.

मिथुननं तेलात बोटं बुडवली आणि खाटेकडे पाहिलं, मग लहान्याकडे.

"कुठं लावू, मामा?"

याला रीतीत उत्तर नव्हतं. मिथुन तसाच हात पुढे धरून उभा राहिला, आणि त्याच्या बोटांवरून तेलाचा एक थेंब खाली पडला. मग दुसरा. घरकुलाची गुळगुळीत लादी, त्यावर पिवळे डाग चमकायला लागले.

लहान्या झटक्यानं उठला. खांद्यावरचा पंचा काढला, गुडघ्यांवर बसला आणि ते तेल पुसायला लागला. एकदा पुसलं, पंचा उलटा करून पुन्हा पुसलं, हात फिरवून बघितलं, परत पुसलं. मिथुन हुंदके देत होता. लहान्यानं वर पाहिलं नाही.

"तेल सांडलं की पुसायचं असतं रे," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं."